पन्नास मतं जास्त: एका मतदान केंद्राचं प्रकरण

सकाळचे नऊ. मतदार नोंदवहीत शेवटचा अनुक्रमांक ९६. कंट्रोल युनिटवर, म्हणजे यंत्राच्या मतं साठवणाऱ्या भागावर, टोटलचं बटण दाबलं तर आकडा १४६. दारात रांग उभी, आत तीन पक्षांचे प्रतिनिधी बसलेले, आणि काही केंद्रांवर देखरेख करणाऱ्या झोनल अधिकाऱ्याचा मतदानाच्या टक्केवारीसाठी फोन येतोय. अशा वेळी केंद्राध्यक्षाने काय करायचं?

हे प्रकरण निवडणूक प्रशिक्षणाच्या वर्गात चर्चेला घेण्यासाठी रचलेलं आहे. केंद्र आणि माणसं काल्पनिक आहेत. यंत्र, नमुने, कायदा आणि वेळापत्रक खरं आहे. काळ २० नोव्हेंबर २०२४ चा, म्हणजे महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी एकाच टप्प्यात मतदान झालं तो दिवस. त्या दिवशी राज्यात एक लाखावर मतदान केंद्रं होती. प्रत्येक केंद्रावर एक केंद्राध्यक्ष आणि तीन मतदान अधिकारी धरले, तरी नुसत्या मतदानाच्या खोल्यांत चार लाख माणसं बसली होती. त्यातला जवळजवळ प्रत्येक जण एरवी दुसरंच काहीतरी काम करतो.

आपल्या केंद्रावरचे चौघे असे. केंद्राध्यक्ष हायस्कूलचे शिक्षक, वय पन्नाशीच्या आसपास, या कामाला नवखे नाहीत. एक नंबरला जिल्हा परिषद शाळेच्या मॅडम. मतदाराचं नाव पुकारून यादीत खूण करणं त्यांच्याकडे. दोन नंबरला पाटबंधारे खात्यातले लिपिक. नोंदवही, सही किंवा अंगठा, शाई आणि मतदार चिठ्ठी त्यांची. तीन नंबरला बँकेतला एक तरुण, पहिलीच ड्युटी. चिठ्ठी घ्यायची, बोटावरची शाई बघायची आणि कंट्रोल युनिटवरचं बॅलटचं बटण दाबायचं, हे त्याचं काम. चौघे एकमेकांना पहिल्यांदा भेटले ते आदल्या दिवशी, साहित्य वाटपाच्या मांडवात. संगणकाने केलेल्या सरमिसळीत कोण कुणाबरोबर आणि कुठल्या गावाला, हे शेवटच्या टप्प्यापर्यंत कळत नाही. पक्षपात टाळायला ही पद्धत चांगलीच आहे. पण तिची एक किंमत असते आणि ती पहाटे साडेपाचला मोजावी लागते: शेजारी बसलेला माणूस कामात कसा आहे, दडपणाखाली काय करतो, याचा कुणालाच पत्ता नसतो.

आदली रात्र

साहित्य मोजून घेणं, यंत्रांचे क्रमांक यादीशी जुळवणं, एसटीतून गावात पोचणं, शाळेच्या खोलीत बाकं सरकवून केंद्र लावणं, मतदान कक्षाचा पुठ्ठा उभा करणं, बाहेर यादी आणि फलक चिकटवणं. यात रात्रीचे नऊ वाजले. कुणाही उमेदवाराच्या माणसाचं आदरातिथ्य घ्यायचं नाही हा नियम पाळून चौघांनी शाळेच्या स्वयंपाकीण मावशींना पैसे देऊन पिठलं-भाकरी करून घेतली.

मग पाकिटं लिहायला बसले. हे ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. सांविधिक पाकिटं, असांविधिक पाकिटं, नमुने, घोषणापत्रं, डायरी. प्रत्येकावर मतदारसंघाचं नाव, केंद्राचा क्रमांक, गाव, तारीख. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात चालत नाहीत म्हणून सगळेच ही माहिती आधी भरून ठेवतात आणि त्यात वावगं काही नाही. फक्त आपल्या केंद्राध्यक्षांनी एक पाऊल पुढे टाकलं. मॉक पोलचं, म्हणजे मतदानाआधीच्या अभिरूप मतदानाचं, प्रमाणपत्र आणि मतदान सुरू करण्यापूर्वीचं घोषणापत्र यांतला मजकूरही त्यांनी रात्रीच पूर्ण केला. ‘यंत्रातील मॉक पोलची माहिती पुसून टाकली आहे’, ‘यंत्रात एकही मत नाही हे प्रतिनिधींना दाखवले आहे’ या ओळींपुढे बरोबरच्या खुणा झाल्या. सह्या तेवढ्या सकाळी घ्यायच्या ठेवल्या.

माझ्या मते हे प्रकरण इथे सुरू होतं. घडून गेलेल्या गोष्टीची नोंद आणि घडायच्या गोष्टीची नोंद एकाच शाईत दिसते. कागद पूर्ण असला की काम पूर्ण आहे असं डोळ्यांना वाटतं, आणि अर्धवट झोपलेल्या डोळ्यांना तर हमखास.

साडेपाच ते सात

मतदान सातला सुरू होणार असेल तर मॉक पोल दीड तास आधी. प्रतिनिधी आले नसतील तर पंधरा मिनिटं थांबायचं. मग नोटासह प्रत्येक उमेदवाराला मत पडेल अशी किमान ५० मतं टाकायची, निकाल बघायचा, तो व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी जुळवायचा, यंत्र रिकामं करायचं, शून्य दाखवायचं, सील करायचं. दीड तास ऐकायला भरपूर वाटतो.

आपल्या केंद्रावर यंत्र जोडल्याबरोबर व्हीव्हीपॅटने एरर दाखवली. केबल काढून घातली, मागचा नॉब तपासला, फरक नाही. झोनल अधिकाऱ्यांना फोन गेला. ते राखीव यंत्र घेऊन निघाले, पण वाटेत दुसऱ्या केंद्रावर तीच रड होती. बदली व्हीव्हीपॅट पोचायला सहा पंचवीस झाले. म्हणजे दीड तासातला जवळजवळ तासभर नुसतं वाट बघण्यात गेला. बाहेर थंडीत मफलर गुंडाळलेली म्हातारी माणसं रांगेत येऊन उभी राहिलेली. ऊसतोडीला निघालेली एक टोळीही आली होती. त्यांना मत देऊनच गाडीत बसायचं होतं.

नऊ उमेदवार आणि नोटा, दहा बटणं. प्रत्येकाला पाच, एकूण पन्नास. प्रतिनिधींनीच बटणं दाबली. प्रत्येक मताला चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते, त्यामुळे पन्नास मतांना घाई करूनही ठरावीक वेळ लागतोच. सहा त्रेचाळीसला पन्नासावं मत पडलं. तीन नंबरच्या तरुणाने टोटल दाबलं, ५०. केंद्राध्यक्षांनी व्हीव्हीपॅटची पेटी उघडून चिठ्ठ्या बाहेर काढल्या, प्रतिनिधींसमोर मोजल्या, प्रत्येकाच्या पाच. ‘जुळलं’ असं तिघेही म्हणाले. चिठ्ठ्यांच्या मागे मॉक पोलचा शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात गेल्या, पाकीट डब्यात, डब्यावर गुलाबी कागदी मोहोर. व्यवस्थित. मग घोषणापत्रावर सह्या, हिरवी कागदी मोहोर, स्पेशल टॅग, पट्टी. सहा अठ्ठावन्नला शेवटची गाठ बसली.

यात क्लोज (मतदान बंद करणं), रिझल्ट (निकाल बघणं), क्लिअर (मतं पुसणं) ही कंट्रोल युनिटवरची तीन बटणं कुठेच आली नाहीत, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल.

या चुकीचं वर्णन नेहमी ‘क्लिअर करायचं विसरले’ असं होतं. ते नेमकं नाही. क्लोज न दाबता यंत्र रिझल्ट दाखवत नाही. रिझल्ट पाहिल्याशिवाय क्लिअर होत नाही. आणि एकदा क्लोज दाबलं की क्लिअर केल्याखेरीज ते एकही नवं मत घेत नाही. म्हणजे क्लोज दाबून, रिझल्ट बघून, फक्त क्लिअर विसरलं, तर यंत्रच पहिल्या मतदाराला अडवतं आणि चूक सातच्या ठोक्याला उघडी पडते. मॉक पोलची मतं आत राहून खरं मतदान सुरू होतं ते एकाच परिस्थितीत: तिन्ही पायऱ्या एकदम गळाल्या तर. आपल्या केंद्रावर त्या गळाल्या याचं कारण विसराळूपणा नव्हे. चिठ्ठ्यांची मोजणी आणि टोटलचा आकडा जुळला, आणि त्यामुळे यंत्राचा निकाल बघायची गरजच उरली नाही असं सगळ्यांना वाटलं. पडताळणीचा एक भाग इतका चोख झाला की दुसरा भाग झाल्यासारखाच वाटला. प्रशिक्षणात ‘सीआरसी, सीआरसी’ (क्लोज-रिझल्ट-क्लिअर) असा घोष करतात, तो पाठ असणाऱ्या माणसाकडूनही हे होऊ शकतं, कारण त्या घटकेला त्याचा प्रश्न ‘जुळलं का’ एवढाच असतो.

आणि शून्य? सील करण्याआधी टोटल दाबून प्रतिनिधींना शून्य दाखवायचं असतं. त्याला पाच सेकंद पुरतात. घोषणापत्रावर ते ‘झालेलं’ होतं.

नऊ वाजता

पहिले दोन तास रांग हटली नाही. टोटल दाबून नोंदवहीशी ताळा घ्यायला कुणाला उसंत नव्हती. पहिल्या पाच-दहा मतदारांनंतर एकदा जरी दाबलं असतं तरी गोष्ट फार लहान राहिली असती, हे खरं.

नऊची टक्केवारी द्यायची म्हणून केंद्राध्यक्षांनी तीन नंबरला आकडा विचारला. तो म्हणाला, “एकशे सेहेचाळीस.” मॅडमनी मान वर केली. त्या पुरुष आणि स्त्रियांच्या वेगळ्या खुणा करत होत्या. “सर, माझ्याकडे पुरुष अठ्ठावन्न आणि बायका अडतीस. शहाण्णव होतात.” दोन नंबरनी नोंदवही दाखवली, ९६. तीन नंबरने गोळा केलेल्या मतदार चिठ्ठ्या मोजल्या. पन्नासाचा एक गठ्ठा आणि वर सेहेचाळीस.

पहिला संशय अर्थातच सगळ्यात नवख्या माणसावर गेला. दोन नंबर म्हणाले, “तू बॅलट दोनदा दोनदा दाबत होतास का?” पोरगा पांढराफटक पडला. खरं तर बॅलट दाबल्याने मत नोंदत नाही. त्याने फक्त आतल्या माणसाला एक मत टाकायची मुभा मिळते, आणि ते टाकून होईपर्यंत पुन्हा दाबून उपयोग नसतो. शिवाय पन्नास म्हणजे बरोबर पन्नास, ना एकोणपन्नास ना एक्कावन्न. केंद्राध्यक्षांना तेवढ्यावरून उलगडा झाला. ते काही बोलले नाहीत, उठून दाराशी गेले आणि पोलिसाला म्हणाले, “दोन मिनिटं आत कुणाला सोडू नका.”

पुढची वीस मिनिटं म्हणजे या प्रकरणाचा गाभा. वर्गात मी इथे थांबून विचारतो, तुम्ही काय कराल? उत्तरं साधारण त्याच वाटांनी जातात ज्या वाटा त्या खोलीतही सुचवल्या गेल्या.

एका प्रतिनिधीने मनापासून मदत म्हणून सुचवलं, “सर, त्यात काय एवढं. क्लिअर मारा. शहाण्णव माणसं आहेत, गाव आपलंच आहे, अर्ध्या तासात सगळ्यांना घरून बोलावून आणतो.” कुणालाही मोह पडावा असा हा तोडगा. त्यात काय काय अडकलं आहे ते बघा. क्लिअर करायचं तर आधी क्लोज दाबायचं, म्हणजे मतदान अधिकृतरीत्या बंद. मग सही केलेली मोहोर फाडून आतला कप्पा उघडायचा. मग रिझल्ट दाबायचा, कारण त्याशिवाय क्लिअर होणार नाही. आणि रिझल्ट दाबला की प्रत्येक उमेदवाराचा आकडा पडद्यावर येणार. त्यातून पाच-पाच वजा केले की सकाळी नऊ वाजता गावातल्या शहाण्णव माणसांनी कुणाला मत दिलं ते तीन पक्षांच्या प्रतिनिधींना तोंडपाठ. या शहाण्णवांत एकाच वस्तीवरून सकाळी एकत्र आलेले लोक आहेत. गुप्त मतदान म्हणजे काय ते गावात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. शिवाय ऊसतोडीची गाडी केव्हाच निघून गेली होती. जे परत येतील ते बोटाला शाई असताना पुन्हा नोंदवहीत सही करणार. आणि पहिल्यांदा नोंदलेलं मत पुसण्याचा अधिकार केंद्राध्यक्षाला कुठल्या नियमाने दिला, याचं उत्तर नाही, कारण तसा नियमच नाही.

दुसऱ्या प्रतिनिधीचं म्हणणं जरा हुशारीचं: “आत्ता काही करू नका, संध्याकाळी एकूणातून पन्नास वजा करून लिहा. प्रत्येकाला पाच-पाच आहेत, कुणाचं नुकसान नाही.” गणित बिनचूक आहे. पण वजाबाकी कशाच्या जोरावर करायची? सकाळच्या प्रमाणपत्राच्या. आणि ते प्रमाणपत्र तर म्हणतं की यंत्र रिकामं केलं. ज्या कागदातली एक ओळ उघड उघड खोटी ठरली आहे, त्याच कागदाच्या दुसऱ्या ओळीवर निकालाचा आकडा टेकवायचा, हे तपासणाऱ्याला पटण्यासारखं नाही. आणि तो निर्णय केंद्राच्या पातळीवरचाही नाही.

तिसरी वाट कुणी मोठ्याने बोललं नाही, तरी ती खोलीत होती. गप्प राहायचं. नोंदवहीत पन्नास नावं कुठूनतरी वाढवायची, किंवा ‘यंत्र असं का दाखवतंय कळत नाही’ म्हणायचं. या यंत्रांत दाबलेल्या बटणांची वेळ नोंदली जाते. पहाटे सहा पंचवीस ते सहा त्रेचाळीस या वेळात पडलेली पन्नास मतं सातनंतरची म्हणून कुठेच खपली नसती. पण घाबरलेला माणूस इतका पुढचा विचार करत नाही. त्याच्या डोळ्यापुढे निलंबनाची बातमी असते.

केंद्राध्यक्षांनी नऊ वाजून आठ मिनिटांनी झोनल अधिकाऱ्यांना फोन केला आणि सगळ्यांसमोर, प्रतिनिधींना ऐकू जाईल असं, वाक्य उच्चारलं: “साहेब, मॉक पोलची पन्नास मतं यंत्रात राहिली आहेत. सीआरसी झालेलं नाही. खरी मतं शहाण्णव आहेत.” मग डायरीत वेळ घालून तेच लिहिलं आणि हजर प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या. एकाने सही नाकारली, तेही लिहिलं.

त्यांनी केलेल्या बरोबर गोष्टींत मला सगळ्यात मोलाची वाटते ती ‘खरी मतं शहाण्णव’ ही ओळ. नऊच्या टक्केवारीत १४६ गेले असते, तर पुढच्या प्रत्येक अहवालात ती सूज राहिली असती आणि संध्याकाळी ती उतरवताना संशय दुप्पट झाला असता.

वरचा निर्णय

झोनल अधिकारी कृषी खात्यातले. त्यांनी फोनवर पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, “कुठल्याही बटणाला हात लावू नका.” दुसरा फोन त्यांनी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना, म्हणजे प्रांतसाहेबांना केला.

कायद्यात यासाठी जागा आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ५८ मध्ये केंद्रावर मतदान दूषित होईल अशी कार्यपद्धतीतली चूक किंवा अनियमितता झाली, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तातडीने निवडणूक आयोगाला कळवायचं असतं. मग आयोग सगळी परिस्थिती बघून एक तर त्या केंद्रावरचं मतदान रद्द करून फेरमतदान लावतो, किंवा फेरमतदानाने निकालात फरक पडणार नाही अथवा चूक महत्त्वाची नाही अशी खात्री पटली तर पुढे काय करायचं ते ठरवून देतो. केंद्राध्यक्ष, झोनल, प्रांत, यांपैकी कुणालाही तो अधिकार नाही. त्यांनी फक्त खरं आणि लवकर कळवायचं.

दोन्ही शक्यता कागदावरच्या नाहीत. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत केरळमध्ये २३ एप्रिलला मतदान झालं, तेव्हा एर्नाकुलम मतदारसंघातल्या कळमशेरी भागातील ८३ क्रमांकाच्या केंद्रावर २१५ जणांनी मतदान केलं असताना यंत्रात २५८ मतं निघाली. मॉक पोलची मतं पुसलेली नव्हती. आयोगाने ३० एप्रिलला तिथे फेरमतदान घेतलं. म्हणजे सकाळच्या एका कामासाठी शेकडो माणसांनी पुन्हा रांग लावली आणि नवा चमू, नवी यंत्रं, नवा बंदोबस्त उभा राहिला.

आपल्या केंद्राला दहाच्या सुमारास निरोप आला: त्याच यंत्रावर मतदान चालू ठेवा, प्रत्येक दोन तासांच्या आकड्यात नोंदवही आणि यंत्र दोन्ही वेगवेगळे कळवा, अहवाल वर गेला आहे. दार साधारण सव्वातास बंद होतं. रांगेतल्यांना काय सांगायचं हा प्रश्न मॅडमनी सोडवला. त्यांनी बाहेर जाऊन सांगितलं की यंत्राबाबत वरून सूचना यायची आहे आणि संध्याकाळी सहाला जे रांगेत असतील त्या सगळ्यांना मत देता येईल. दुसरं वाक्य ऐकून काही जण घरी गेले, आणि नंतर परत आलेही.

सतरा-सी आणि रात्रीचं टेबल

संध्याकाळी सहाला रांगेत सतरा जण होते. शेवटच्या माणसापासून सुरुवात करून केंद्राध्यक्षांच्या सहीच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि सहा चाळीसला मतदान संपलं. आता मात्र क्लोज नीट दाबलं गेलं. यादीवर १०८४ मतदार, नोंदवहीत ७८१, यंत्रात ८३१.

नमुना सतरा-सी हा केंद्राचा हिशेब. यादीतले मतदार, नोंदवहीतले मतदार, नोंदवहीत नाव येऊनही मत न देता गेलेले, यंत्रातली एकूण मतं, असे रकाने भरत खाली आलं की एक रकाना थेट विचारतो: यंत्रातली मतं नोंदवहीशी जुळतात का, की काही तफावत आढळली? हा रकाना लोक वाचतच नाहीत. ‘जुळतात’ असं लिहून पुढे सरकतात. पण नमुना करणाऱ्याने तफावत गृहीत धरून जागा सोडलेली आहे. केंद्राध्यक्षांनी तिथे लिहिलं: यंत्रात ५० मते जास्त, मॉक पोलची मते काढलेली नाहीत, डायरी व ९.०८ ची नोंद पाहावी. नियमानुसार हजर प्रतिनिधींना या नमुन्याच्या साक्षांकित प्रती दिल्या आणि पोच घेतली.

खरी परीक्षा रात्री साडेदहाला तालुक्याच्या गोदामात झाली. स्वीकृतीच्या टेबलावर बसलेला कर्मचारीही सकाळपासून उपाशीतापाशी. त्याच्या हातात तपासणी यादी, तिच्यात ‘१७-सी व १७-अ जुळणी’ असा चौकोन (१७-अ म्हणजे मतदार नोंदवही). तो म्हणाला, “सर, न जुळणारा फॉर्म मी घेऊ शकत नाही. तिकडे कोपऱ्यात बसा, दुसरा कोरा फॉर्म देतो, जुळवून आणा.” मागे पंचवीस-तीस चमू पेट्या घेऊन उभे. एसटीचा चालक हॉर्न वाजवतोय.

या क्षणाला मी मॉक पोलच्या चुकीपेक्षा जास्त घाबरतो. इथे कुणीही लबाड नाही. कर्मचाऱ्याला टेबल मोकळं करायचंय, केंद्राध्यक्षाला घरी जायचंय, आणि कोरा फॉर्म समोर आहे. सातशे एक्क्याऐंशी दोन्ही रकान्यांत लिहिलं की पाच मिनिटांत सुटका. पण गावात तीन प्रतिनिधींच्या खिशात ८३१ लिहिलेली सही-शिक्क्याची प्रत आहे. मोजणीच्या दिवशी ते ती टेबलावर ठेवतील आणि प्रशासनाची प्रत ७८१ म्हणेल. चुकीचं रूपांतर घोटाळ्यात झालं असतं, तेही एकाही मताची अफरातफर न होता. केंद्राध्यक्षांनी नवा फॉर्म घेतला नाही. ते झोनल अधिकाऱ्यांना शोधत गेले, सकाळचा अहवाल दाखवला, सहायक निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी टेबलावर येऊन ‘तफावतीसह स्वीकारले’ असा शेरा मारला. घरी पोचायला पहाट झाली.

मोजणी

२३ नोव्हेंबरच्या मोजणीत अशा यंत्राचं काय होतं? आयोगाच्या सूचनेप्रमाणे ते बाजूला ठेवतात. बाकीची मोजणी पूर्ण झाल्यावर पहिल्या दोन उमेदवारांतला फरक बघतात. तो फरक अशा केंद्रांवरच्या एकूण मतांपेक्षा जास्त असेल, तर त्या यंत्राने निकाल बदलू शकत नाही. फरक तेवढा किंवा कमी असेल, तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजायच्या. निवडणूक नियमांच्या ५६-डी मध्ये तत्त्व आधीच आहे: यंत्र आणि कागदी चिठ्ठ्या यांत फरक पडला तर चिठ्ठ्या ग्राह्य.

पहाटे त्या खोलीत जे चोख झालं होतं त्याचं मोल इथे कळतं. मॉक पोलच्या चिठ्ठ्या मोजून, शिक्का मारून, काळ्या पाकिटात बंद झाल्या होत्या. म्हणून व्हीव्हीपॅटच्या पेटीत फक्त खऱ्या मतदारांच्या चिठ्ठ्या होत्या. वेळ आली असती तर त्या मोजून केंद्राचा खरा कौल मिळाला असता. चिठ्ठ्याही पेटीतच राहिल्या असत्या तर पेच कितीतरी वाईट होता. आपल्या प्रकरणात विजयाचं अंतर काही हजारांचं निघालं आणि यंत्र बाजूलाच राहिलं. फेरमतदान झालं नाही.

त्या ७८१ मतांचं काय, हा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारतंच, आणि तो रास्त आहे. निकालाला फरक पडत नाही हे खरं. पण त्या गावाने कुणाला किती दिलं, हे त्या केंद्राच्या रकान्यात आलं नाही. रांगेत उभं राहिलेल्या म्हाताऱ्याला ‘तुमच्या मताने फरक पडत नव्हता’ हे उत्तर द्यायला मला तरी जड जातं.

नोटीस

निवडणुकीच्या काळात हे सगळे कर्मचारी कलम २८-अ नुसार आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचं मानलं जातं. शिस्तीचा लगाम आयोगाच्या हाती असतो. वाजवी कारणाशिवाय कर्तव्यात कसूर केली तर कलम १३४ खाली ५०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाला कुणी भीत नाही, निलंबनाला भितात. केंद्राध्यक्षांना कारणे दाखवा नोटीस आली. उत्तरात त्यांनी व्हीव्हीपॅट बदलण्यात गेलेला वेळ लिहिला, पण त्याआड लपले नाहीत; घोषणापत्र आदल्या रात्री भरल्याचंही लिहिलं. लेखी ताकीद देऊन प्रकरण मिटलं.

चौकशीत एक प्रश्न मात्र विचारला गेला नाही. सहा त्रेचाळीसला खोलीत तीन मतदान अधिकारी आणि तीन प्रतिनिधी होते. बँकेतल्या तरुणाने प्रशिक्षणात बसून सीआरसी ताजं ताजं शिकलं होतं आणि त्याला त्या वेळी वाटलंही होतं की रिझल्ट बघायचा राहिला. तो बोलला नाही, कारण सर जुने होते आणि फॉर्मवर खूण होती. चमूला अशी एकच मुभा मिळाली की सील लावण्याआधी शून्याचा आकडा तीन नंबरने मोठ्याने वाचायचा आणि तो वाचल्याखेरीज मोहोर कुणी हातात घ्यायची नाही, तर जुन्या माणसाला नव्याने टोकण्याचा संकोच उरत नाही. वाचणं हे मग त्याचं नेमून दिलेलं काम ठरतं. त्याला वेगळं साहित्य लागत नाही, जादा प्रशिक्षण लागत नाही. घोषणापत्रातली शून्याची ओळ आदल्या रात्री कोरी ठेवायची, आणि ती तीन नंबरच्या अक्षरात भरायची, वेळेसह.